स्क्रब टायफस: आधी निगेटिव, पाच दिवसांनी पॉझिटिव, असं कसं?

सत्तरीकर७२: बाबा दसऱ्याआधी कुळागरात गवत कापत होते, मग दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप, डोकं फुटतंय म्हणायचे. चौथ्या दिवशी रक्त दिलं, डेंग्यू मलेरिया निगेटिव, स्क्रबच्या (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) दोन्ही टेस्ट, वाइल-फेलिक्स आणि एलायझा, त्यापण निगेटिव. पाठ चोळताना आईला काखेत काळी खपली दिसली, विडीचा चटका बसल्यासारखी, दुखत नाही म्हणून बाबा बोललेच नव्हते. डॉक्टरांनी किडा चावल्याची ती खपली बघूनच डॉक्सी (अँटिबायोटिक) दिली, दोन दिवसांत ताप खाली. नवव्या दिवशी परत एलायझा केली तर पॉझिटिव. लॅबने घोळ घातला का?

सुई_नळी: घोळ नाही हो बाब. एलायझा जंतू शोधत नाही, आपल्या शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधते, आणि त्यातलं आधी येणारं आयजीएम पहिला आठवडा संपता संपता दिसायला लागतं, चौथ्या दिवशी कुठून येणार. वाइल-फेलिक्स तर १९१६ ची टेस्ट, त्यात स्क्रबचा जंतूच नसतो, प्रोटियस नावाच्या भलत्याच जंतूच्या गुठळ्या होतात का ते बघायचं. स्वस्त म्हणून चाललीये.

फोंड्याची_मायक्रोवाली: खरी डोकेदुखी टेस्ट बनवताना असते. स्क्रबचा जंतू ओरिएन्शिया जिवंत पेशीतच वाढतो, साध्या प्लेटवर उगवत नाही, म्हणून त्याच्या अंगावरचं ५६ किलोडाल्टनचं प्रोटीन दुसऱ्या बॅक्टेरियाकडून बनवून घेतात आणि किटमध्ये वापरतात. आता हेच प्रोटीन जंतूच्या स्ट्रेनप्रमाणे (वाणाप्रमाणे) बदलतं! कार्प स्ट्रेन न्यू गिनीचा, काटो जपानचा, गिलियम आसाम-बर्मा सीमेवरचा, आपल्याकडचा यांच्याशी जुळला नाही तर पकड ढिली. वर कट-ऑफचा, म्हणजे पॉझिटिव कुठून धरायचं त्या रेघेचा घोळ. आयजीएम काहींच्या रक्तात महिनोन्महिने रेंगाळतं, त्यामुळे पणजीच्या फ्लॅटमधल्या लोकांचं रक्त तपासून रेघ ओढली तर जिथे स्क्रब होतच असतो त्या वाळपईचा धडधाकट माणूसपण पॉझिटिव निघू शकतो. रेघ तिथल्याच निरोगी लोकांवरून ओढायला हवी.

सत्तरीकर७२: म्हणजे आमचं पॉझिटिवपण जुनं असू शकतं?

फोंड्याची_मायक्रोवाली: नुसत्या एका पॉझिटिववर मी विश्वास ठेवला नसता, पण तुमचं आधी निगेटिव मग पॉझिटिव, वर खपली, म्हणजे ताजंच. पहिल्या आठवड्यात खपलीचा पीसीआर (थेट जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) केला असता तर तेव्हाच कळलं असतं. खपली आहे का अजून?

सत्तरीकर७२: कसली, गळून पडली ती आईने केरात लोटली. बाबा परत कुळागरात, गमबूट घालून, वर लुंगी गुडघ्यापर्यंत.