मदत हवी आहे: वडिलांच्या हृदयात अमायलॉइडची (बिघडलेलं प्रथिन साचण्याची) शंका, पीवायपी स्कॅन आणि पुढचे उपचार

नमस्कार मंडळी,

बाबा ७८ वर्षांचे, आम्ही सांगलीचे. गेल्या वर्षापासून त्यांना दम लागतो. आधी जिना चढताना लागायचा, आता अंघोळ करून अंग पुसेपर्यंतही लागतो. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खाच दिसते आणि बोटाने दाबलं तर खड्डा बराच वेळ तसाच राहतो. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. इकोत हृदयाच्या भिंती १६ मिमी जाड, ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ५०. इथल्या डॉक्टरांनी "जुनं बीपी, त्यात वय" म्हणून लघवीची गोळी आणि हृदयाची गती कमी करणारं बीटा ब्लॉकर सुरू केलं. पण बीपी आहे कुठे? उलट चक्कर येते म्हणून जुनी गोळी बंद करावी लागली होती.

मग पुण्याला सेकंड ओपिनियन घेतलं. तिथल्या मॅडमनी इको आणि ईसीजी शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, स्नायू खरोखर जाड झाला असता तर ईसीजीतल्या रेघा उंच दिसल्या असत्या, या तर बुटक्या आहेत. आणि एकदम विचारलं, "काका, हातांची ऑपरेशनं झालीत का?" बाबांनी दोन्ही मनगटं पुढे केली. कार्पल टनेलचे, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करायच्या ऑपरेशनचे, व्रण! बँकेत जन्मभर लेजर लिहिली म्हणून झालं असेल, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. यकृतात ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन तयार होतं. थायरॉइडचं संप्रेरक आणि अ जीवनसत्त्व वाहून नेणं हे त्याचं काम. त्याचे चार भाग एकत्र जोडलेले असतात. उतारवयात काहींच्यात, जास्त करून पुरुषांत, हे भाग सुटे होतात, त्यांची घडी बिघडते आणि त्यांचे तंतू, म्हणजेच अमायलॉइड, हृदयाच्या स्नायूत साचतात. मग हृदय ताठर होतं, नीट सैलावत नाही. मनगटातही हेच साचतं आणि ते हृदयाच्या कितीतरी वर्षं आधी.

आता पीवायपी स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून हृदयात साचलेलं बघतात तो) आणि रक्त-लघवीच्या तपासण्या सांगितल्यात. घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, या वयात कशाला फिरवायचं? बाबा म्हणतात, "आजाराचं बारसं करून काय मिळणार?" माझं मत वेगळं आहे. यावरचं महागडं औषध, टाफामिडिस, परवडलं नाही तरी कोणती गोळी चालेल आणि कोणती नाही, हे तर ठरेल.

कुणाच्या घरी हे झालंय का? सांगली-कोल्हापूरकडे हा स्कॅन होतो, की पुणे-मुंबईच गाठावं? टाफामिडिस भारतात कुणी घेतंय का, महिन्याचा खर्च साधारण किती येतो? आणि ७८ व्या वर्षी त्याचा उपयोग होतो का?

प्रतिसाद १
माझ्या सासऱ्यांना हेच आहे. स्कॅनची घाई करू नका, आधी फ्री लाइट चेन आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन (दोन्ही असामान्य प्रथिनं शोधायच्या तपासण्या) करा. एएल नावाचा अमायलॉइडचा दुसरा प्रकार अस्थिमज्जेतल्या पेशींमुळे होतो. त्यातही स्कॅन पॉझिटिव्ह येऊ शकतो, पण उपचार रक्तविकारतज्ज्ञांकडे आणि तातडीचे. स्कॅनला गॅमा कॅमेरा लागतो, पेट-सीटीचं सेंटर शोधत बसू नका. स्पेक्टसकट (सगळ्या बाजूंनी घेतलेल्या थ्रीडी चित्रांसकट) करा म्हणावं, नाहीतर पोकळीतलं रक्तच स्नायूसारखं दिसू शकतं. टाफामिडिस साचलेलं काढत नाही, नवीन साचणं मंदावतं, म्हणून लवकर सुरू केलं तर फायदा जास्त. २०१८ च्या मोठ्या चाचणीत मृत्यू आणि हृदयविकारासाठी ॲडमिट होणं, दोन्ही कमी झालं होतं. आमच्याकडे परवडत नाही, तेव्हा लघवीची गोळी, रोज सकाळी वजन आणि मीठ कमी, यावरच चाललंय. बरं चाललंय.

प्रतिसाद २
बीटा ब्लॉकरचं नक्की विचारा. ताठर हृदयात दर ठोक्याला रक्त कमी जातं, त्यात गती पण कमी केली तर माणूस गळून जातो. पण मनाने बंद करू नका. नाडी अनियमित असेल तर तेही सांगा, यात गुठळीचा धोका मोठा असतो. आणि निदान पक्कं झालं तर जनुकीय तपासणी करा. आनुवंशिक निघालं तर तुम्हा भावंडांचाही प्रश्न आहे.

धागाकर्ता
दोघांचे आभार. शेवटचा मुद्दा भावाला वाचून दाखवला, तो आता स्वतःच गाडी काढतो म्हणतोय. रक्त-लघवी उद्या देतो. स्कॅन कुठे होतो ते कुणाला माहीत असेल तर व्यनि केला तरी चालेल.