मदत हवी आहे: मोहाखालची आग उपग्रहाला दिसते का?

नमस्कार मंडळी. गडचिरोलीतल्या वणव्यांवर एमएस्सीचा प्रबंध करतेय आणि पार अडकलेय.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या उपग्रह-सूचनांवरून या आगी मोजायच्या, असं ठरवलं होतं. पण मोडिस या उपग्रहावरच्या संवेदकाचा एक पिक्सेल १ किलोमीटरचा आणि व्हीआयआयआरएस या दुसऱ्या संवेदकाचा ३७५ मीटरचा. एका मोहाखालचा जाळ त्यात सापडणं कठीणच! शिवाय उपग्रह येऊन गेल्यावर पेटली आणि लगेच विझली, तर नोंदच नाही. (गावातल्या आजी म्हणाल्या, "मोजत बस तू, विझवणार कोण?")

आता सेंटिनेल-२ उपग्रहाची २० मीटर पिक्सेलची चित्रं घेऊन जळीत क्षेत्र काढतेय. पण पानझडी जंगलात पानं गळलेली जमीन आणि जळालेली जमीन दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. एनबीआर (जळालेली जमीन ओळखायचा निर्देशांक) आगीआधी आणि नंतर किती बदलला की जळीत मानायचं, म्हणजे या फरकाचा उंबरठा किती धरावा? साग-ऐनाच्या जंगलात कुणी काम केलंय का? आगीआधीचं चित्र फेब्रुवारीचं घ्यावं की उपग्रहाच्या मागच्याच फेरीचं?

प्रत्यक्ष पडताळणीसाठी जीपीएसचे ४० बिंदू आहेत, तेवढे पुरतील का तेही सांगा.