मुलाला कॉलेज सॉकरचा हेड कोच व्हायचंय, हे करिअर नक्की असतं कसं?

टचलाइनवरची_आई:
नमस्कार मंडळी. आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत आहोत, मुलगा इथे एका छोट्या डी-थ्री कॉलेजमध्ये (कॉलेज खेळांची संस्था एनसीएए तीन डिव्हिजन करते, डी-वन सगळ्यात वरचं, डी-थ्री सगळ्यात खालचं) सॉकर म्हणजे आपला फुटबॉल खेळतो, सेंटर बॅक (बचावफळीच्या मधला), आता सीनियर आहे आणि मेजर इकॉनॉमिक्स. आम्ही गृहीत धरलं होतं की कुठेतरी ॲनालिस्ट वगैरे होईल, पण थँक्सगिव्हिंगला घरी आला आणि सांगून टाकलं की मला कोचिंगमध्येच जायचंय आणि कधीतरी मेन्स टीमचा हेड कोच व्हायचंय. एका डी-टू कॉलेजकडून ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा मिळेल असं दिसतंय, म्हणजे मास्टर्सची फी माफ आणि वर थोडा स्टायपेंड. नवऱ्याचं म्हणणं दोन वर्षं फुकट जातील. मला त्याच्या डोळ्यात जे दिसलं ते बघून नाही म्हणवत नाहीये, पण या क्षेत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. सीझन तर ऑगस्टला सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरला संपतो, मग बाकीचं वर्ष हे लोक करतात काय? हेड कोच व्हायला किती वर्षं जातात, नोकरी टिकते का, पुढे वाट कुठे जाते? कुणी जवळून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

डावा_विंगर:
ताई, मी काही वर्षं असिस्टंट कोच होतो, आधी डी-टू आणि मग एका लहानशा डी-वन प्रोग्रामला, त्यामुळे आतलं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, मैदानावरचं कोचिंग हा या नोकरीचा छोटा भाग आहे. डी-वनला एनसीएएचा नियमच आहे की सीझनमध्ये खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त करून घ्यायचं नाही, ऑफ सीझनला ते ८ तासांवर येतं, आणि स्प्रिंगमध्ये पाच तारखांनाच काय त्या मॅचेस खेळता येतात. कोचला मात्र तासांची मर्यादा नाही. उरलेला सगळा वेळ रिक्रुटिंग खातं. डी-वनला मुलाची दहावी संपली की १५ जूनपासून कोच त्याच्याशी थेट बोलू शकतो आणि १ ऑगस्टपासून त्याला कॅम्पसवर बोलावू शकतो, म्हणजे १५ जूनच्या मध्यरात्री फोन हातात घेऊन बसणारे असिस्टंट खरंच असतात. त्याच्या आधी एमएलएस नेक्स्ट, ईसीएनएल अशा शाळकरी मुलांच्या लीगच्या शोकेसला, म्हणजे कोचेसनी बघावं म्हणून भरवलेल्या मॅचेसना जाऊन दिवसभर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर फिरायचं, वही घेऊन, शंभर पोरं बघायची आणि त्यातली चार लिहून घ्यायची.

मग पैशाचं गणित. अगदी आत्तापर्यंत डी-वन मेन्स सॉकरला पूर्ण टीममध्ये मिळून ९.९ स्कॉलरशिप होत्या आणि रोस्टरवर (टीमच्या यादीत) पोरं पंचवीस-तीस, त्यामुळे कुणाला पाव, कुणाला अर्धी, कुणाला नुसती पुस्तकं, असं सगळं तुकडे करून बसवायला लागायचं. आता २०२५ च्या हाऊस सेटलमेंटनंतर (खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातली तडजोड) जी कॉलेजेस त्यात सामील झालीत तिथे स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि रोस्टरवर २८ ची मर्यादा आली. कागदावर सगळ्या २८ जणांना पूर्ण पैसे देता येतात, पण तेवढं बजेट सॉकरला कोण देणार, म्हणून गणित अजून तेच आहे, उलट ज्याला आधी रोस्टरवर ठेवून तीन वर्षांत घडवता आलं असतं तो मुलगा आता बाहेर राहतो, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा, मुलगा एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलू शकतो. म्हणजे डिसेंबरमध्ये शेवटची मॅच संपते न संपते तोच तुमचा सगळ्यात चांगला मिडफिल्डर ऑफिसात येऊन सांगतो कोच मी पोर्टलमध्ये जातोय. म्हणून हेड कोचला आता दर वर्षी जवळजवळ नवीन टीम उभी करावी लागते, शाळेतली मुलं, पोर्टलमधली मुलं, ज्युनियर कॉलेजची मुलं, शिवाय युरोप-आफ्रिका-दक्षिण अमेरिकेतून येणारी, ज्यांचे व्हिसा आणि मार्कशीट वेगळी बघायला लागतात. याशिवाय देणगीदारांशी बोलणं, अभ्यासात मागे पडलेल्याच्या मागे लागणं, नियम पाळल्याचे (कम्प्लायन्सचे) फॉर्म, प्रवासाचं बजेट, उन्हाळ्यातले कॅम्प (असिस्टंट लोकांचं घर बऱ्याचदा कॅम्पच्या पैशावर चालतं). आणि रात्री दोनला एखाद्या अठरा वर्षांच्या पोराचा फोन येतो की घरची आठवण येतेय किंवा काहीतरी फार बिघडलंय. हे शेवटचं ज्याला मनापासून करावंसं वाटतं त्याने या लाइनमध्ये यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. टॅक्टिक्सचं वेड सगळ्यांनाच असतं हो.

जुना_स्कोअरबोर्ड:
वरच्या पोस्टशी सहमत. मी वाटेबद्दल लिहितो, कारण एकच एक ठरलेला रस्ता नाही आणि हे मोठ्या नावांकडे बघितलं की कळतं.

इंडियाना युनिव्हर्सिटीचे कोच जेरी येगली १९६३ ला तिथे आले तेव्हा सॉकर हा नुसता क्लब होता, युनिव्हर्सिटीची अधिकृत टीमच नव्हती. दहा वर्षं त्यांनी तो क्लब चालवला, १९७३ ला व्हर्सिटी दर्जा मिळाला, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९८२ ला. मग एकूण सहा, शेवटचं २००३ ला आणि त्याच सीझननंतर रिटायर. ५४४ विजय, डी-वन मेन्समध्ये हा रेकॉर्ड आहे. नंतर त्यांचा मुलगा टॉड येगली तिथलाच हेड कोच झाला आणि २०१२ ला जिंकला. एकाच जागी आयुष्य घालवायची ही वाट.

दुसरी वाट ब्रूस अरीनांची. १९७८ ला व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीला सॉकरचे कोच म्हणून आले तेव्हा लॅक्रॉस या वेगळ्याच खेळाचे असिस्टंट पण होते! तिथे पाच विजेतेपदं, त्यातली चार सलग १९९१ ते १९९४, मग १९९६ ला एमएलएस ही अमेरिकेची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा तिथला डीसी युनायटेड क्लब, आणि पुढे अमेरिकेची नॅशनल टीम, २००२ च्या वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. बॉब ब्रॅडली बाविसाव्या वर्षी ओहायो युनिव्हर्सिटीचे हेड कोच झाले, ते पण तिथे मास्टर्स करताना, मग व्हर्जिनियाला अरीनांचे असिस्टंट, मग प्रिन्स्टनला बारा सीझन, आणि शेवटी तेही नॅशनल टीमपर्यंत. अलीकडचं बघायचं तर केलेब पोर्टर, इंडियानाला येगलींच्या हाताखाली खेळला, तिथेच असिस्टंट, मग ॲक्रनला २०१० चं विजेतेपद आणि तिथून एमएलएसचा पोर्टलंड टिंबर्स क्लब.

पण ताई, तुमच्या मुलासाठी मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते जेरेमी गन आणि ख्रिस ग्रासी. गन कोलोराडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजला होते, डी-टू, २००५ ला तिथे राष्ट्रीय विजेतेपद, मग शार्लट, २०११ ला फायनलपर्यंत, आणि मग स्टॅनफर्ड, जिथे २०१५, १६, १७ सलग तीन वर्षं जिंकले. ग्रासी पण डी-टूच्या युनिव्हर्सिटी ऑफ चार्ल्सटनवरून मार्शलला गेले आणि कोविडमुळे मे २०२१ मध्ये झालेल्या फायनलमध्ये इंडियानाला एक्स्ट्रा टाइममध्ये १-० हरवलं. डी-टूचं काम खालच्या दर्जाचं असं कुणी म्हणत असेल तर ही दोन नावं त्यांना सांगा.

हिशोबनीस:
दोन्ही पोस्ट छान आहेत पण कुणीतरी जागांचं पण बोलायला हवं, नाहीतर चित्र अर्धंच राहील.

डी-वनला मेन्स सॉकरचे प्रोग्राम दोनशेच्या थोडे वर आहेत, विमेन्सचे साडेतीनशेच्या आसपास. एसईसीसारख्या श्रीमंत कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) मेन्स सॉकरच नाही, केंटकी आणि साउथ कॅरोलिनाच्या टीम आहेत त्या सन बेल्ट या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये खेळतात. बिग ट्वेल्व्हमध्ये पण नाही, वेस्ट व्हर्जिनिया आणि यूसीएफ यासाठी सन बेल्टलाच. कारण अमेरिकन फुटबॉलच्या रोस्टरवर शंभरच्या आसपास मुलगे असतात, मग टायटल नाइन या समानतेच्या कायद्याप्रमाणे मुलामुलींच्या संधींचा तोल राखताना मुलांचे बाकीचे खेळ कापले जातात. २०२० ला सिनसिनाटी आणि ॲपलेशियन स्टेट दोघांनी मेन्स सॉकर बंद केलं. तिथल्या कोचची काही चूक नव्हती, एका सकाळी प्रोग्रामच गेला. माझ्या मुलाच्या टीमचा कोच पण असाच गेला, वेगळ्या कॉलेजात, आणि त्या घरात शाळेत जाणारी दोन मुलं होती. करार वर्षा-दोन वर्षांचे असतात, नवीन ॲथलेटिक डायरेक्टर (कॉलेजच्या सगळ्या खेळांचा प्रमुख) आला की आपला माणूस आणतो, घर बदलायची तयारी जोडीदाराची पण लागते.

त्यामुळे मुलाला सांगा मास्टर्स असं निवड की कोचिंग नाही जमलं तरी उपयोगी पडेल. इकॉनॉमिक्स आहे तर डेटा ॲनालिटिक्स करू दे, ते आता टीमला पण हवं असतं. आणि विमेन्स टीमची जागा आली तर नाही म्हणू नये, कोचिंग तेच आहे आणि जागा जास्त आहेत.

टचलाइनवरची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, नवऱ्याला पण वाचून दाखवलं, तो आता निदान ऐकतोय. अजून दोन प्रश्न. मुलगा म्हणतो डी-वनच पाहिजे असं नाही, स्वतःच्या कॉलेजसारखं डी-थ्री पण चालेल, तर डी-थ्रीचा हेड कोच हे पूर्ण करिअर होऊ शकतं का? आणि ग्रॅज्युएट असिस्टंटला हो म्हणण्याआधी त्याने काय विचारून घ्यावं?

डावा_विंगर:
डी-थ्रीला नक्की होऊ शकतं, उलट मला तर तो सगळ्यात समाधानाचा मार्ग वाटतो. तिथे चारशेच्या वर मेन्स टीम आहेत, म्हणजे डी-वनच्या जवळपास दुप्पट. खेळासाठी स्कॉलरशिप नाही, त्यामुळे मुलाला तुम्ही पैशावर नाही तर कॉलेज, अभ्यास आणि टीम यावर पटवता, आणि तुमचा मुलगा स्वतः तसाच पटून गेलेला आहे, तो हे आई-बापांशी इतरांपेक्षा चांगलं बोलेल. ओहायो वेस्लेयन कॉलेजचे कोच जे (Jay) मार्टिन बघा, १९७७ पासून चार दशकांवर तिथेच, सातशेहून जास्त विजय, १९९८ आणि २०११ ला राष्ट्रीय विजेतेपद, तिथेच शिकवलं, लॅक्रॉस पण कोच केलं, ॲथलेटिक डायरेक्टर पण होते. मात्र छोट्या कॉलेजात अशा दोन-तीन टोप्या घालाव्याच लागतात, हे मुलाला आधी सांगून ठेवा. पगार डी-वनच्या मोठ्या नावांच्या जवळपास पण नसतो. आणि छोटी कॉलेजेस आर्थिक अडचणीत येऊन बंद पण पडतायत, तेव्हा कॉलेजची तब्येत बघूनच जावं.

असिस्टंटच्या जागेबद्दल: हेड कोचला सरळ विचारायला सांगा की तुमचे आधीचे ग्रॅज्युएट असिस्टंट आज कुठे आहेत. ज्या कोचने आपल्या पोरांना पुढे पूर्णवेळ जागा मिळवून दिल्यात तो नावं पटापट सांगेल. जो गडबडेल त्याच्याकडे दोन वर्षं सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडणं आणि व्हॅन चालवणं एवढंच होईल. मग विचारायचं रिक्रुटिंगला मी स्वतः जाणार का, सेट पीस (फ्री किक, कॉर्नर वगैरे) किंवा डिफेन्स यातलं काही पूर्ण माझ्याकडे देणार का, व्हिडिओ कोण कापतं, उन्हाळी कॅम्पचे पैसे वेगळे मिळतात का, राहायची सोय आहे का, इन्शुरन्स कुणाचा. यूएस सॉकर या राष्ट्रीय संस्थेच्या कोचिंग लायसन्सची फी कॉलेज भरणार का हेही विचारा, या काळात त्याचं सी आणि जमलं तर बी लायसन्स व्हायला हवं. जानेवारीत युनायटेड सॉकर कोचेसचं कन्व्हेन्शन असतं तिथे त्याला पाठवतील का हे पण, कारण अर्ध्या जागा तिथल्या कॉरिडॉरमध्ये गप्पांतून ठरतात.

सेंटर बॅक आहे म्हणालात ना, मैदान समोर दिसतं त्या जागेवरून, चांगले कोच निघतात तिथून. त्याला सांगा आत्तापासून आपल्याच कॉलेजच्या कोचला विचारून स्प्रिंगमध्ये एखाद्या क्लबची अंडर-फोर्टीन टीम घे. ऑफर हातात आली की इथे लिहा, आपण अटी एकत्र वाचू.