विषय: गेटिसबर्गच्या सहलीत एमिट्सबर्गला थांबूया

नमस्कार मंडळी,

सहलीची बस मेरीलँडमधल्या फ्रेडरिकवरून रूट १५ने वर जाणार आहे. गेटिसबर्गच्या दहा-बारा मैल अलीकडे एमिट्सबर्ग लागतं. दर वेळी आपण ते गाव मागे टाकून पुढे जातो. या खेपेला तिथे दोन तास थांबूया, अशी माझी मनापासून विनंती आहे. माझी धाकटी इथल्या चर्चच्या शाळेत जायला लागल्यापासून या शाळा आल्या कुठून, हे मी शोधते आहे. तो माग मला या गावापर्यंत घेऊन आला.

इथली शाळा काढणाऱ्या एलिझाबेथ अ‍ॅन सीटन यांचा जन्म १७७४चा, न्यूयॉर्कच्या सुखवस्तू प्रॉटेस्टंट घरातला. नवऱ्याचा व्यापार बुडाला आणि १८०३मध्ये इटलीत क्षयाने तोही गेला. पदरात पाच मुलं. १८०५मध्ये त्या कॅथलिक झाल्या, तेव्हा गोतावळ्यातल्या अनेकांनी पाठ फिरवली. मुलींना शिकवून संसार चालवायचा, म्हणून त्या १८०८मध्ये बॉल्टिमोरला आल्या आणि पुढच्या वर्षी एमिट्सबर्गला.

पहिले महिने ज्या दगडी घरात काढले, ते अजून जपलेलं आहे. खोल्या चार आणि माणसं सोळाच्या आसपास. छपराच्या फटींतून बर्फ थेट अंथरुणावर पडायचा. कॉफी परवडत नसे, म्हणून गाजराची करायची आणि त्यात काकवी घालायची. ते घर आधी बघा, मग शाळेचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

२२ फेब्रुवारी १८१०ला शाळा सुरू झाली. गावातल्या गरीब मुली फुकट शिकायच्या. मे महिन्यापासून पैसेवाल्या घरच्या मुली वसतिगृहात राहायला आल्या. त्यांच्या फीवर शाळेची चूल पेटायची आणि त्याच पैशातून गरिबांच्या पाटी-पुस्तकाचीही सोय व्हायची. याच काळात सीटनबाईंच्या दोन मुली गेल्या, थोरली १८१२मध्ये आणि धाकटी १८१६मध्ये. शाळा मात्र बंद पडली नाही. बाई स्वतः १८२१मध्ये गेल्या, वय अवघं ४६. १९७५मध्ये त्यांना संतपद मिळालं. अमेरिकेत जन्मलेली पहिली संत ती हीच.

गेटिसबर्गशीही या जागेचा संबंध आहे. अमेरिकन यादवी युद्धातली १८६३ची तिथली लढाई संपली आणि लगेच ५ जुलैला सीटनबाईंनी इथे उभारलेल्या संघातल्या सिस्टर (धर्मभगिनी) सामानाच्या गाड्या घेऊन जखमींच्या सेवेला पोचल्या.

कळवा लवकर, बसवाल्याला सांगायचं आहे.

फ्रेडरिकहून, सहल समिती

———

उत्तर: गेटिसबर्गच्या सहलीत एमिट्सबर्गला थांबूया

ताई, माझी संमती. फक्त मुलांना सांगताना ‘पहिली कॅथलिक शाळा’ म्हणू नका, माहितीपत्रकांतून तसं सर्रास छापतात. न्यू ऑर्लिन्सला उर्सुलाइन सिस्टरांनी १७२७मध्येच मुलींना शिकवायला सुरुवात केली होती आणि फिलाडेल्फियात सेंट मेरीज चर्चची शाळा १७८२च्या सुमाराची. एमिट्सबर्गचं मोठेपण दुसरीकडे आहे. सिस्टरांची फळी उभी करायची आणि तिच्या जोरावर शाळा चालवायच्या, ही रीत इथून देशभर गेली. १८८४मध्ये बॉल्टिमोरच्या धर्मसभेने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, दोन वर्षांत शाळा काढायला सांगितलं. गावोगावी त्या उभ्या राहिल्या त्या जवळजवळ बिनपगारी राबणाऱ्या सिस्टरांच्या बळावर. १९६०च्या दशकाच्या मध्याला या शाळांत ५० लाखांवर मुलं होती. पुढे सिस्टर कमी होत गेल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली, आणि लहान गावांतल्या शाळा एकामागून एक मिटल्या. आज २० लाखही मुलं उरलेली नाहीत. सीटनबाईंच्या शाळेतून वाढलेलं कॉलेजही १९७३मध्ये बंद झालं. त्या आवारात आता सरकार अग्निशमनाचं प्रशिक्षण देतं. गावात मदर सीटन स्कूल मात्र चालू आहे, याचं मला फार समाधान वाटतं.

बॉल्टिमोरहून

———

उत्तर: गेटिसबर्गच्या सहलीत एमिट्सबर्गला थांबूया

काका, ‘बिनपगारी’ हा शब्द वाचून थांबले. मी वसईची. आम्ही पॅरिशला धर्मग्राम म्हणतो. आमची शाळा धर्मग्रामाचीच, चर्चच्या आवारात, मराठी माध्यमाची. घरी आमची सामवेदी बोली, शाळेत पुस्तकी मराठी. निबंधात घरचा शब्द आला की सिस्टर तो खोडायच्या नाहीत. लाल शाईने खाली रेघ मारायच्या, मला टेबलाशी बोलावून अर्थ विचारायच्या आणि स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायच्या. त्या केरळच्या, मराठी इथे येऊन शिकलेल्या. त्यांना हातात काय मिळत होतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, पण त्या नाहीत.

माझ्या घरची चार माणसं धरा. आईपण येईल.

गेदर्सबर्गहून

———

उत्तर: गेटिसबर्गच्या सहलीत एमिट्सबर्गला थांबूया

काका, चूक वेळीच दाखवलीत, मुलांसाठी लिहिलेला कागद दुरुस्त केला. थांबा नक्की झाला. बस सकाळी आठला सुटेल, डबा आपापला. दगडी घराजवळ वारा असतो, आईंसाठी शाल घ्या. आणि वसईच्या ताई, फ्रेडरिक ते एमिट्सबर्ग हा टप्पा तुमच्याकडे. मुलांना सिस्टरांच्या त्या वहीबद्दल सांगा. मागच्या पानावरचे शब्द आठवत असतील तर तेही, आणि तुम्हाला नाही आठवले तर आई आहेतच.

फ्रेडरिकहून