मदत हवी आहे: आरोग्याबद्दलची लोकांची पसंती काळानुसार बदलते का?

नागपुरात गुडघेदुखीच्या रुग्णांवर प्रबंध करतेय. ईक्यू-५डी-५एल प्रश्नावली (हालचाल, वेदना अशा पाच बाबींत तब्येत कशी आहे ते प्रत्येकी पाच पातळ्यांवर विचारणारी) मराठीतून भरून घेतली, गुण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मूल्यसंचावरून काढले, म्हणजे कोणती तब्येत किती चांगली-वाईट वाटते हे सर्वसामान्य लोकांना विचारून बनवलेल्या गुणांच्या तक्त्यावरून. गाईड विचारतात, हे गुण किती वर्षं चालतील? ब्रिटनमध्ये १९९३ च्या मुलाखतींवरचे गुण कित्येक वर्षं वापरले गेले, हे सांगून त्यांचं समाधान झालं नाही, आणि खरं तर माझंही नाही.

जुन्या-नव्या सर्वेक्षणांची तुलना करून पाहिली. पण मधल्या काळात प्रश्नावलीच ३एलची (तीन पातळ्यांची) ५एल (पाच पातळ्यांची) झाली, मुलाखतीची पद्धतही बदलली. मग दिसणारा फरक लोकांच्या मनातला की मोजमापाचा?

रुग्णांची नाही, सर्वसामान्यांची पसंती हवी आहे. नवं सर्वेक्षण जमणार नाही, सबमिशन दोन महिन्यांवर आहे. त्याच देशात, त्याच पद्धतीने, काही वर्षांनी पुन्हा विचारलेला अभ्यास कुणाला माहीत आहे का?