चाबहारचे पैसे पाण्यात?

एकाने लिहिलंय की इराणच्या चाबहार बंदरात भारताने घातलेले पैसे पाण्यात गेले. मला नाही पटत. पाकिस्तान आपला माल जमिनीवरून अफगाणिस्तानला जाऊच देत नाही मग दुसरी वाट कुठली? २०१७ मधे गुजरातेतल्या कांडला बंदरातून गहू चाबहारलाच उतरवून पुढे ट्रकने अफगाणिस्तानला पाठवला, आणि त्याच्याही आधी आपल्या बीआरओने (सीमा रस्ते संघटना) इराणच्या सीमेपासून अफगाणिस्तानात आत जाणारा झरंज-देलाराम हा २१८ किमीचा रस्ता बांधून दिलेला (त्यात आपली माणसं जिवानिशी गेली, तो विषय कुणी काढत नाही). खरी बोंब आपल्या रमतगमत कारभाराची आहे. २००३ पासून बोलणी, आणि बंदर चालवायचा दहा वर्षांचा करार थेट मे २०२४ ला! वर इराणवरच्या अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार, त्यामुळे बँका आणि विमावाले हात लावायला घाबरतात.