बाबांचा सीईए (रक्तातला कॅन्सरचा मार्कर) १२ आलाय, कॅन्सर पसरलाय का?

बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. रिपोर्टवर सीईए १२, लॅबने नॉर्मल ५ पर्यंत लिहिलंय, रात्रभर झोप नाही हो.

> नुसत्या सीईएवरून पसरलाय असं कुणी सांगू शकत नाही, स्टेज सीटी स्कॅन आणि ऑपरेशननंतरच्या बायॉप्सी रिपोर्टवरून ठरते. आधी वाढलेला असणं जरा वाईटच धरतात, पण नंतर आकडा खाली येतोय ना ते बघायचं. सिगरेट ओढतात का? त्यानेही वाढतो.

> ओढतात, लपून 😐

> गाठीवर एमएमआर टेस्ट (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रोटीनांची) करायला सांगा. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही चार प्रोटीनं बघतात, एखादं गायब असेल तर दुसऱ्या स्टेजला उलट चांगलं मानतात. आईचं एमएसएच६ नव्हतं, ते आनुवंशिक असू शकतं म्हणून आम्हा भावंडांचीपण तपासणी झाली.